शिखर हरवले आहे

माझ्यासमोर सात हजार मीटर उंचीचं शिखर होतं आणि ते मला सापडत नव्हतं.

हॉटेलच्या लाकडी गच्चीवर जमलेल्या पंचवीस-तीस माणसांना ते दिसत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलून सहलीला आलेल्या एका आजींनाही दिसत होतं. त्या दोनदा "अगंबाई" म्हणाल्या. मी तर सगळ्यांत मोठी लेन्स घेऊन, सगळ्यांच्या आधी येऊन कठड्याजवळची मोक्याची जागा अडवली होती. आणि दिसत नव्हतं ते फक्त मला. मला पांढुरकं आकाश दिसलं. मग कुणाच्या तरी मफलरचे धागे दिसले, इतके स्पष्ट की वीण मोजता आली असती. मग पुन्हा पांढुरकं आकाश. (शिखराचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्या बिचाऱ्याची यात काही चूक नव्हती.)

"दिसलं का हो?" बायकोने विचारलं.

"शोधतोय."

"अहो, एवढं समोर तर आहे!"

आता हे तिला कसं समजवायचं? फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स चढवली की चौकटीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जेमतेम ६ अंशांचं जग उरतं. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे अख्खी पर्वतरांग मी मुठीपेक्षा लहान भोकातून धुंडाळत होतो. ट्रायपॉडची मान केसभर वळली, की शिखर जाऊन भलतीच दरी हजर.

यावर साधा उपाय आहे आणि तो मला पाठ होता. झूम पूर्ण मागे घ्यायचा, शिखर मधोमध आणायचं, ट्रायपॉडचा स्क्रू आवळायचा, मग झूम वाढवायचा. पण लेन्सवर रिंगा दोन असतात, एक झूमची आणि एक फोकसची. उजेडात त्या वेगळ्या ओळखू येतात. पहाटे पावणेपाचला, जाड हातमोज्यांत, दोघी सख्ख्या बहिणी. त्यातून अंधारात ऑटोफोकस नुसता घर्रघर्र करत पुढेमागे पळतो म्हणून मी आदल्या रात्रीच त्याचा खटका बंद करून ठेवला होता. आता झूम समजून मी दहा मिनिटं फोकसची रिंग पिळत होतो, आणि फोकस येऊन बसला होता दीड मीटरवर. मफलर एवढा स्पष्ट दिसला तेव्हाच खरं तर समजायला हवं होतं. मोठ्या लेन्सचा फोकस इतका जवळ आला की लांबचं शिखर धूसर वगैरे होत नाही, दुधात साखर विरघळावी तसं विरघळून जातं. ज्याला मी आकाश समजत होतो ते शिखरच होतं. काखेत कळसा ऐकून होतो. मी तो डोळ्याला लावून बसलो होतो.

ही लेन्स घ्यायचं खूळ कुठून आलं तेही सांगतो. आधी माझ्याकडे २४ मिलिमीटरची लेन्स होती. तिच्यात ८४ अंश मावतात, म्हणजे डोंगर, दरी, रस्ता, रस्त्यावरची बस, बसमधून उतरून उलटी करणारा सहप्रवासी, सगळं. फक्त शिखर तेवढं तिळाएवढं. घरी फोटो दाखवताना मी बोट ठेवून सांगायचो, "हा जो पांढरा ठिपका आहे ना…" आणि एका मेव्हण्याने तो ठिपका स्क्रीनवरची धूळ समजून बाहीने पुसला. त्या दिवशी ठरवलं.

लेन्स दीड किलोची. ट्रायपॉड वेगळा. माझ्या बॅगेत आता कपड्यांना जागा नसते, ते बायकोच्या बॅगेत जातात, आणि या विषयावर आमच्यात जे बोलणं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तिला सांगून पाहिलं की इटलीचे छायाचित्रकार व्हित्तोरिओ सेल्ला एकोणिसाव्या शतकात ३० बाय ४० सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा घेऊन आल्प्स चढायचे. "त्यांच्याबरोबर हमाल असतील," ती म्हणाली. होते. १८९१ मध्ये इंग्लंडच्या थॉमस डाल्मायर यांनी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या, लेन्सचं पेटंट घेतलं. तेव्हापासून आजवर कुणाकुणाची पाठ धरली असेल, त्याची मात्र कुठे नोंद नाही.

मोठ्या लेन्सने पहिल्यांदा जाऊन आलो तेव्हा फोटो पाहून लोक थक्क झाले. "इतक्या जवळ गेला होतात?" मी फक्त मान डोलावली. नाही म्हणायला जीभ रेटेना. त्याच फोटोत समोरच्या टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर थेट शिखराच्या खांद्यावर उभा केल्यासारखा दिसत होता. दोघांमध्ये पन्नासेक किलोमीटर सहज असतील. जाणकार याला लेन्स अंतर 'चेपते' म्हणतात. खरं तर लेन्स काही चेपत नाही. आपण दोन्हींपासून खूप लांब उभे असतो म्हणून ती एकमेकांना चिकटलेली दिसतात. लेन्स तेवढाच तुकडा कापून मोठा करते. हे मी मेव्हण्याला पंधरा मिनिटं समजावलं. तो म्हणाला, "पण तिथे रेंज चांगली येत असेल."

असो. तर शिखर सापडलं.

आणि टोकावर गुलाबी उजेड पडला. हा रंग फार तर काही मिनिटं टिकतो, नंतर सगळं नुसतं पांढरं. मी श्वास रोखला. गच्चीने रोखला नाही. ४०० मिलिमीटरला जग जवळ येतं तसा हादराही जवळ येतो. हातात धरून काढायचा तर शटर १/४०० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उघडा राहायला हवा असं म्हणतात, आणि उजेडाच्या हिशेबाने माझा होता १/८. ट्रायपॉड होता, पण ट्रायपॉड लाकडी फळ्यांवर होता आणि फळ्यांवर पंचवीस-तीस माणसं थंडीने पाय आपटत होती. बोटाचा धक्का नको म्हणून मी दोन सेकंदांचा टायमर लावला. शेजारी सहा-सात वर्षांची एक मुलगी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारत होती. तिचंही टायमिंग दोन सेकंदांचं होतं. सतरा फोटो काढले. सतराही फोटोंत शिखराला जुळं झालं आहे.

मग ऊन वर आलं आणि हवा लहरायला लागली. दुरून डोंगर साजरे खरे, पण त्या 'दुरून'मध्ये साठ-सत्तर किलोमीटर हवा भरलेली असते. धूळ, बाष्प, तापलेल्या दरीची वाफ, सगळं लेन्समध्ये मोठं होऊन येतं. शिखराची कड तव्यावरून पाहिल्यासारखी थरथरत होती. ट्रायपॉड सिमेंटमध्ये पुरला तरी यावर इलाज नाही.

"काका, मी बघू?" उड्या मारणारी मुलगी.

सतरा फोटोंचा हिशेब मनातल्या मनात बाजूला ठेवून मी तिला स्टुलावर उभी केली. तिने डोळा लावला.

"काही नाहीये. नुसतं पांढरं दिसतंय."

मी हसलो. यावेळी माणूस अनुभवी होता. "तू रिंग फिरवलीस," म्हटलं आणि तिला खाली उतरवून स्वतः बसलो. फोकसची रिंग तपासली. झूमची तपासली. खटका तपासला. लेन्सची काच पुसली, आयपीस पुसला, बॅटरी काढून पुन्हा घातली. फोकस अनंतावरून जरा मागे, जरा पुढे, पुन्हा मागे. पांढरं ते पांढरंच. सेन्सरच गेला की काय या विचाराने थंडीत घाम फुटला.

शेवटी डोकं वर काढलं. गच्ची रिकामी होती. शिखर होतं तिथे ढग होता, आणि त्याच्या ऐसपैस बसण्यावरून तो बराच वेळ तिथे असावा.

दारात बायको टॉवेल घेऊन उभी होती.

"चला," ती म्हणाली, "गरम पाणी सातपर्यंतच असतं."