पीटजमिनी जिल्ह्यांमुळे जळाल्या?

इंडोनेशियातल्या पीटजमिनींचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: १९९९ च्या कायद्यांनी जिल्ह्यांना अधिकार दिले, जिल्हाप्रमुखांनी जंगलजमिनीवर लागवडीचे परवाने विकले, म्हणून आगी लागल्या, तेव्हा सगळा कारभार जकार्त्याकडे द्या. हे मला चूक वाटतं, आणि घातकही.

आधी कालक्रम पाहा. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याचा, पाणी धरून ठेवणारा थर. ओला आहे तोवर तो पेटत नाही. १९९५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतान प्रांतात सुमारे १० लाख हेक्टरांवर भातशेतीचा हुकूम सोडला आणि ४,००० किलोमीटरांहून जास्त कालवे खणले गेले. पाणी उतरलं, भात काही पिकला नाही, आणि १९९७ च्या दुष्काळात जमीन आतून धुमसत राहिली. जिल्ह्यांची स्वायत्तता अमलात आली २००१ साली!

परवान्यांतला भ्रष्टाचार मात्र खरा आहे. सुमात्रा बेटावरच्या रियाऊ प्रांतातल्या पेलालावानचे जिल्हाप्रमुख तेंगकू अझमुन जाफर यांना २००८ मध्ये त्याच प्रकरणात शिक्षा झाली. पण म्हणून अधिकारच काढून घ्यायचे? परवाने आणि नकाशे गावासमोर उघडे ठेवा, लाचखोरीला खरा चाप तिथे बसेल.

‘गावाला यातलं शास्त्र कळत नाही’ हे तर मला मुळीच पटत नाही. भूजल जमिनीखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये, हा नियम केंद्राचा. तो पाळायचा तर कालव्यात बांध हवेत. पीट इतकं भुसभुशीत की पाणी बांधाच्या कडेने वाट काढतं. एका पावसात बाजू खचते. होडीची वाट अडली तर लोक बांध फोडतातही. म्हणून बांध कुठे घालायचा, होडी कुठून न्यायची, हे गावाला विचारूनच ठरवावं लागतं. रियाऊमधल्या सुंगाई तोहोर गावचं पोट साबुदाण्याच्या ताडावर चालतं, आणि हे झाड ओल्या पीटमध्ये वाढतं. तिथल्या गावकऱ्यांनी बोलावल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो गेले आणि कालव्यावर बांध घालायला त्यांनी स्वतः हात लावला. ओल टिकवायची कल्पना गावाची होती.

पैसा केंद्राकडे आहे, हे मान्य. पीटचा एकच घुमट, म्हणजे मधे फुगलेला थर, दोन-तीन जिल्ह्यांत पसरतो, तेव्हा प्रांत आणि केंद्र लागणारच. पण जिल्ह्याचा जमीनवापर आराखडा बनवताना गावाच्या बांधाला लागून नवा कालवा दाखवला, तर तो बांध कोरडाच पडणार. त्या बैठकीत गावाला जागा हवी.