कलिंगडाचा सातबारा

आज सकाळी साडेसात वाजता माझं कलिंगड शेजारच्या काकांनी कापलं. वर, "घे, दोन फोडी तुलाही," म्हणाले.

जानेवारीत बिया थेट जमिनीत टोचल्या होत्या, कारण मुळांना धक्का लागलेला या बाईसाहेबांना खपत नाही. एक सोटमूळ खाली जातं, बाकीची मुळं आडवी पसरतात. वेलाने तोच कित्ता गिरवला आणि मेंदीच्या कुंपणाखालून काकांकडे गेला. फळ धरलं तेही तिकडेच.

काका निवृत्त तलाठी आहेत.

"वेल कुणाच्या हद्दीत?"

"काका, मूळ माझ्याकडे आहे."

"हे काय मग?" वेलाच्या एका पेरावर त्यांनी तीन घमेली माती ओढून ठेवली होती. "इथं मूळ धरलंय. स्वतंत्र कब्जा."

"भोपळा धरतो पेरापेराला मुळं. कलिंगड सहसा नाही धरत."

"सहसा? तसं लेखी आहे?"

"उकरून बघू या."

"पंचनाम्याशिवाय?"

खिडकीतून काकू म्हणाल्या, "पाणी यांनीच घातलंय हो." घातलं होतं. कूलर धुतलेलं.

आणि मी? सुरुवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळून जातात. मग मादी फूल येतं, त्याच्या बुडाशी चिमुकलं कलिंगड आधीच बसलेलं असतं. पण परागकण पोचले नाहीत तर तेही पिवळं पडून गळतं. सोसायटीने डासांसाठी इतका धूर सोडलाय की मधमाशी फिरकत नाही (डास मात्र मजेत आहेत. मेंटेनन्स वाढला, तो वेगळा विषय). म्हणून ऑफिसला जाण्याआधी नर फूल खुडून मादी फुलावर टेकवत मी उकिडवा बसायचो. वॉचमन पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइल काढला.

एवढं करून पिकायची वाट तरी बघायची! देठाजवळचा तणावा वाळायला हवा, जमिनीला टेकलेली बाजू पिवळी पडायला हवी. तोडल्यावर कलिंगड पिकत नाही, तो काही आंबा नव्हे. तणावा हिरवागार होता. मी तो काकांना दाखवलासुद्धा. सुरी फिरत होती.

फोड आतून पांढरट गुलाबी निघाली, चवीला काकडी. काकांनी एक घास खाल्ला, चघळला आणि तोंड वाकडं केलं.

"बियाणं बोगस निघालं रे तुझं."