आपला माणूस, परकी शाळा

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय विरोधामुळे जून २०२५च्या अखेरीस मागे घेतले गेले, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवाळीच होती. दिल्लीपुढे न वाकणारा आपला माणूस गादीवर बसला की मराठीची काळजी मिटली, असा एकूण सूर. मी राहतो बेलारूसमध्ये, वितेब्स्कला. इथल्या एका विद्यापीठाला ज्याचं नाव आहे, तो प्योत्र माशेरॉव्ह मला अशा वेळी आठवतो.

माशेरॉव्ह अस्सल इथल्या मातीतला. १९१८ साली वितेब्स्क भागातल्या खेड्यात जन्म, शिक्षण वितेब्स्कला, मग रोसोनीच्या शाळेत गणित-भौतिकशास्त्राचा मास्तर. वडील स्टालिनच्या धरपकडीत गेले. जर्मन आले तेव्हा याने जंगलात राहून गनिमी लढा उभारला. १९४२ मध्ये जर्मनांनी त्याच्या आईला गोळ्या घातल्या. बेलारूस तेव्हा सोव्हिएत संघातलं एक प्रजासत्ताक, मॉस्कोच्या हाताखालचं. १९६५ पासून १९८० पर्यंत तो बेलारूसच्या कम्युनिस्ट पक्षाचा पहिला सचिव, म्हणजे प्रजासत्ताकाचा खरा कारभारी. जाळलेल्या खेड्यांचं खातीनचं स्मारक त्याच्याच काळातलं. मिन्स्कची वस्ती दहा लाखांवर गेली, मेट्रोचं काम सुरू झालं. साहेब हेलिकॉप्टरने थेट शेतात उतरून पीक बघत. १९८० मध्ये त्याची गाडी बटाट्यांच्या ट्रकवर आदळून तो गेला. घातपाताची कुजबुज अजून थांबलेली नाही. म्हातारी माणसं त्याच्याबद्दल आजही मायेने बोलतात, आणि मला त्यात खोट दिसत नाही.

पण याच काळात शहरांतल्या बेलारूसी माध्यमाच्या शाळा जवळजवळ संपल्या. बंदी कुणी घातली नव्हती. १९५९ पासून माध्यम पालकांनीच निवडायचं होतं. फक्त विद्यापीठ, बढती, मॉस्कोची वाट हे सगळं रशियनमध्ये. खेडं सोडून मिन्स्कच्या कारखान्यात आलेल्या बापाने निवडायचं ते निवडलं. आपल्या माणसाने ते अडवल्याचं दिसत नाही. त्याची खुर्चीही मॉस्कोच्याच मर्जीवर होती म्हणा.

महाराष्ट्रात निवडणुका आहेत, वर्तमानपत्रं आहेत, म्हणून तर सरकारला माघार घ्यावी लागली. माशेरॉव्हच्या राज्यात असा विरोध कुणी स्वप्नातही केला नसता. तरी पुण्या-मुंबईतल्या मराठी शाळा ओस पाडल्या त्या हिंदीने नव्हे. पालकांनी इंग्रजी निवडली, आणि त्यांचं गणित मिन्स्कच्या त्या बापाहून फारसं वेगळं नव्हतं. मराठी शाळेतून निघालेल्या पोराला पुढे उच्च शिक्षण आणि नोकरी कुठल्या भाषेत मिळणार, या प्रश्नावर तेवढी गर्दी जमलेली मला तरी आठवत नाही.