झोपेत दीड लाख? आधी तो बॅकअप उघडून दाखवा

परवा लालबागच्या मावशीचा फोन. "अरे, क्लाउडचा धंदा चांगला असतो ना? एफडी मोडावी म्हणते." क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले दुसऱ्याचे कॉम्प्युटर. मग तिनं मेसेज पाठवला. तो मला आधी तीन ग्रुपांतून आला होता आणि मी न वाचता पुसला होता. पण मावसभाऊ त्यापायी नोकरी सोडायला निघालाय म्हटल्यावर वाचणं आलं.

मेसेज थोडक्यात असा: 'कोडिंग नको, ऑफिस नको. 85 हजारांचं आमचं डिप्लॉयमेंट किट घ्या. एका क्लिकवर क्लाएंटची वेबसाइट, ईमेल, डेटाबेस, बॅकअप क्लाउडवर उभं. खर्च जवळजवळ शून्य. महिना 3 हजार दराने 50 क्लाएंट म्हणजे दीड लाख, तेही झोपेत.'

'एका क्लिकवर' हे, काय करणार, खरं आहे. क्लाउड भाड्याने देणाऱ्या ॲमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे डेटा सेंटरांचा गट, 2016 पासून आहे, सर्व्हर आपोआप उभारणारी टेराफॉर्मसारखी साधनं त्याच्याही आधीची. नीट लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, दहा-पंधरा मिनिटांत सगळं उभं करते. अंधेरीला ऑफिसात मी दुसरं काय करतो? पण सर्व्हर, डिस्क आणि डेटा ट्रान्सफरचं गाठोडं ठरावीक मासिक दरात ॲमेझॉन स्वतःच 2016 पासून 'लाइटसेल' नावानं विकतंय. सुरुवात 5 डॉलरपासून होती. घाऊकवालाच किरकोळीला बसलाय, तर नुसतं गाठोडं बांधायचे 3 हजार कोण देणार? लोक पैसे देतात ते गाठोडं सांभाळण्याचे.

आणि सांभाळण्याबद्दल मेसेज काय म्हणतो? 'बॅकअप ऑटोमॅटिक, नो टेन्शन.' इथे माझं डोकं फिरलं.

31 जानेवारी 2017. गिटलॅब, म्हणजे जगभरचे प्रोग्रामर ज्यांच्याकडे आपला कोड ठेवतात ती कंपनी. रात्री थकलेल्या इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेसच पुसला. सुमारे 300 जीबी. हरकत नाही, बॅकअप आहे! एक नाही, बॅकअप आणि रेप्लिकेशनचे (डेटाची चालती प्रत दुसरीकडे ठेवण्याचे) पाच मार्ग होते. एकही धड निघाला नाही. रोजचा डेटाबेस बॅकअप जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रामनं घेतला जात होता, त्यामुळे तो निमूट फसत होता. फसल्याचे ईमेल सुटत होते, पण ते पोचतच नव्हते. वाचवलं ते एका माणसानं सहा तास आधी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटनं, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीनं. सहा तासांचा डेटा तरीही गेला. हे सगळं गिटलॅबनंच जाहीरपणे लिहून ठेवलंय. ज्यांचा धंदाच हा, त्यांची ही गत. आणि किट घेतलेला आमचा मावसभाऊ म्हणे झोपणार.

माझंच सांगतो. दादरच्या एका मोदकवाल्या बाईंची ऑर्डर घेण्याची साइट मी बघायचो. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री बंद. कारण? लॉग, म्हणजे सर्व्हरच्या हालचालींच्या नोंदी, साचून डिस्क भरली होती. स्क्रिप्ट माझीच होती, लॉग वेळच्या वेळी पुसायची ओळ मीच विसरलो होतो. पहाटे तीनला बाई फोनवर रडत होत्या. त्या महिन्याचे पैसे मी मागितले नाहीत.

मेसेजमधले बाकीचे दावे पटापट. 'खर्च शून्य': नव्या खात्याला मिळणारं क्रेडिट मुदतीचं असतं, ते संपलं की मीटर चालू. 1 फेब्रुवारी 2024 पासून ॲमेझॉन प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) तासाला अर्धा सेंट लावतं. क्लाएंटमागे एक धरला तरी 50 जणांच्या नुसत्या पत्त्यांचे महिन्याला 180 डॉलर. सर्व्हर वेगळा, जीएसटी वेगळा.

'क्लाउड बंद पडत नाही': ऐन दिवाळीत, 20 ऑक्टोबर 2025 ला, ॲमेझॉनचं अमेरिकेतलं सगळ्यात जुनं रीजन कोलमडलं. कारण त्यांच्याच डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) सांभाळणाऱ्या ऑटोमेशनमधला दोष!

'कायद्याची कटकट नाही': सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश वाचा. हॅकिंगसारखी घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची, लॉग 180 दिवस जपायचे. म्हणजे झोपही बेतानंच घ्यायची.

रविवारी मावसभावाला म्हटलं, "किटवाल्यांना एवढंच विचार, डेमो साइट पुसली तर बॅकअपमधून परत कशी आणायची?" त्यानं माझ्यासमोरच मेसेज टाकला. उत्तर पाच मिनिटांत आलं: ते ॲडव्हान्स कोर्समध्ये शिकवतात, फी 40 हजार. मावशीनं चहा ठेवला आणि एफडीची पावती परत डब्यात टाकली.