बंद रेडिओ, १ नग

लोअर परळच्या एका उंच इमारतीच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'बंद रेडिओ, १ नग' अशी नोंद आहे. निळी शाई, शाळामास्तरांसारखं वळणदार अक्षर आणि खाली माझी सही. सही मंगळवारची. आज शुक्रवार उजाडला तरी ती दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी टोचते आहे.

काम दहा मिनिटांचं होतं. रिस्क-फाइव्ह जातीच्या नव्या प्रोसेसरचा बोर्ड अकराव्या मजल्यावर न्यायचा आणि त्यावर मी बांधलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवून दाखवायची. पिशवीत उघडा बोर्ड, पॉवर बँक, लॅपटॉप आणि रंगीत तारांची सिरियल केबल. पिशवी तपासणीच्या यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. तारा, बॅटरी आणि हिरवी पाटी एकत्र बघून पट्टा थांबणारच, ते मान्य.

"सर, हे काय आहे?"

"कॉम्प्युटर."

"पडदा?"

"नाही त्याला."

"कीबोर्ड?"

"नाही."

"निदान डबा तरी?"

"नाही हो."

"मग चालू करून दाखवा."

मी लॉबीतल्या टीपॉयवर दुकान मांडलं. इथे जरा थांबतो, कारण कितीतरी धडधाकट बोर्ड याच पायरीवर 'मेला' म्हणून दुकानात परत जातात. पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी तयार होतो, तोवर बोर्डाचं बोलणं ऐकायचं ते सिरियलवरून, म्हणजे एकेक बिट पाठवणाऱ्या तारेवरून. तीन तारा पुरतात. काळी ग्राउंडला, उरलेल्या दोन उलटसुलट: केबलचं तोंड बोर्डाच्या कानाला, बोर्डाचं तोंड केबलच्या कानाला. चौथी लाल तार टोकाला चिकटपट्टी लावून मोकळी सोडायची, नाहीतर यूएसबीचे पाच व्होल्ट मागच्या दाराने बोर्डात शिरतात. बहुतेक बोर्डांना केबल ३.३ व्होल्टचीच हवी. वेग बहुतेक ठिकाणी १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला तितके बिट, पण रॉकचिप कंपनीच्या चिपवरच्या बऱ्याच बोर्डांचा १५,००,०००, आणि तिथे लॅमिंग्टन रोडवरून आणलेली स्वस्त केबल गचके खाऊ शकते. सीपी-२१०२ ही चिप पंधरा लाखांपर्यंत पोचत नाही, सीएच-३४० पोचते. पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हांची भेळ दिसली तर बोर्ड बिघडलेला नसतो, बहुधा वेग चुकलेला असतो. केबलमध्ये कुठली चिप आहे असं दुकानदाराला विचारलं की तो "ओरिजिनल" म्हणतो. हे चिपचं नाव नव्हे.

तर बोर्ड बोलायला लागला. आधी छोट्या लोडरने मेमरी जागी केली, मग ओपनएसबीआय या पुढच्या पायरीच्या प्रोग्रॅमने रेघोट्यांनी काढलेलं स्वतःचं भलंमोठं नाव दाखवलं, मग ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणणारं यू-बूट आलं. ओळी भराभर वर सरकत होत्या. सुरक्षारक्षक कौतुकाने वाकून बघत होता. आणि शेवटची ओळ उमटली: 'स्टार्टिंग कर्नल', पुढे तीन टिंबं.

पुढे काही नाही. हलत होता तो फक्त लॅपटॉपचा कर्सर.

नव्या हार्डवेअरवर काम करणाऱ्याचं निम्मं आयुष्य या तीन टिंबांनंतरच जातं. पण ते घरी, दार लावून. इथे मागे बारा माणसांची रांग होती.

"स्टार्टिंग कर्नल," रक्षकाने अक्षरं जुळवत वाचलं. "आर्मीचं आहे का हे?"

समोरच्या सोफ्यावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. मांडीवर फायलींची पिशवी, हातात टोकन. साताऱ्याकडचे, विम्याच्या कामासाठी आलेत, हे नंतर कळलं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, हे मात्र 'कर्नल' शब्द कानावर पडताच ताठ झालेल्या पाठीने आधीच सांगितलं.

"कोण कर्नल?"

"काका, तो कर्नल नाही. हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा."

"तेच की. पलटणीचा गाभाच असतो त्यो. काय झालं त्याला?"

"सुरू होत नाहीये."

"नोकरीत सात कर्नल बघितले मी," सुभेदार म्हणाले. "दुपारच्या आत एक सुरू झाला न्हाई."

रांग हसली. मीही हसलो, ती माझी चूक. सुभेदार पिशवी काखोटीला मारून टीपॉयशी आले.

"त्याला आणतं कोण?"

"यू-बूट. तो कर्नलला मेमरीत आणून सोडतो आणि बाजूला होतो."

"म्हणजे ड्रायव्हर."

"नाही, ड्रायव्हर वेगळे. ते कर्नलच्या आत असतात."

"ड्रायव्हर कर्नलच्या आत?" रक्षकाने दचकून विचारलं.

"बरं, उतरला कर्नल," सुभेदारांनी त्याला हातानेच गप्प केलं. "चार्ज कुणी दिला?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. प्रश्न बरोबर होता. पीसीवर हार्डवेअरची माहिती देणारी एसीपीआयची कोष्टकं असतात, पीसीआय नावाच्या जोडमार्गावरची उपकरणं हाक मारली की ओ देतात. या बोर्डांवर तसं नाही. सिरियल पोर्ट कुठल्या पत्त्यावर आहे, त्याला घड्याळ, म्हणजे ठोके देणारा सिग्नल, कोण पुरवतं, प्रोसेसरचं लक्ष वेधणारी त्याची इंटरप्टची तार कुठे जाते, हे विचारून कळत नाही, लिहूनच द्यावं लागतं. त्या लेखी कागदाला डिव्हाइस ट्री म्हणतात.

"म्हणजे चार्जची यादी," सुभेदार म्हणाले. "ताडपत्र्या बारा, हंडे आठ, पाण्याची टाकी उत्तरंला. यादी न्हाई तर कर्नल काय करील? हुबा ऱ्हाईल उन्हात."

डिव्हाइस ट्रीची यापेक्षा चांगली व्याख्या मी मराठीत ऐकलेली नाही. ती माझी नाही, याचं दुःख निराळं.

"यादी दिलीय, काका."

"मग दिवं बघा."

आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. त्यांच्या पलटणीत नवा कर्नल आला. तिसऱ्या दिवशी हुकूम: ज्या खोलीत माणूस नाही त्या खोलीची वीज तोडा. शिपाई निघाला मोजत. धान्याचं कोठार, तोडा. जुनी कचेरी, तोडा. सिग्नलची खोली बघितली, तर वायरलेसवाला नेमका चहाला गेलेला. तोडा. पलटण ठणठणीत, जेवणखाण चालू, कवायत चालू, फक्त बाहेर आवाज जात नाही. वरच्या कचेरीला रातभर वाटलं, पलटण गेली! सुभेदारांनी हात पसरून गेलेली पलटण दाखवली. रांगेतल्या कुणालाही आता आत जायची घाई राहिली नव्हती.

हा रोग खरा आहे, हीच तर पंचाईत. बूट, म्हणजे यंत्राचं सुरू होणं, संपत आलं की लिनक्स कर्नल बघतो, कुठल्या घड्याळांना कुणीच वाली नाही, आणि वीज वाचवायला ती बंद करतो. सिरियलचं घड्याळ यादीत नीट लिहिलेलं नसेल तर तेही जातं, आणि आतून ठणठणीत असलेला बोर्ड मुका होतो. अशा वेळी बूटच्या ओळीत 'क्लॉक इग्नोर अनयूज्ड' हे शब्द घालून बघायचे. बोर्ड बोलला तर रोगाचं निदान पक्कं. औषध मात्र ते नव्हे, औषध यादी दुरुस्त करणं. पण त्या रोगात आधी दोन-चारशे ओळी येतात आणि मग वाचा जाते. माझी तर पहिलीही ओळ आली नव्हती. म्हणजे एकतर कन्सोलचं, म्हणजे ओळी जिथे छापायच्या त्या पोर्टचं, नाव चुकलं, किंवा यादी भलत्याच बोर्डाची, किंवा मेमरीत कुणी कुणावर पडलं. कर्नल नक्की कुठे अडखळला ते 'अर्लीकॉन' या बूटच्या शब्दाने दिसलं असतं. तो मीच आदल्या रात्री काढून टाकला होता. पाहुण्यांसमोर पडदा स्वच्छ दिसावा म्हणून.

हे सगळं मी सुभेदारांना सांगितलं, अर्लीकॉन सोडून.

"अहो, पण दिवे बघायला काय जातंय?" रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. रांगेने माना डोलावल्या. लॉबीत मतदान घेतलं असतं तर माझी अनामत जप्त झाली असती.

रक्षकाला मात्र एवढंच हवं होतं: 'सोबतची वस्तू' या रकान्यासाठी एक शब्द. "चायनाचं आहे का?" मी समजावलं की बोर्ड कुठलाही असो, रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची भाषा २०१० साली अमेरिकेत बर्कलीला सुरू झाली आणि वापरायला फुकट आहे. मद्रास आयआयटीचा शक्ती याच भाषेत बोलतो, आणि आपल्या पवईच्या आयआयटीने २०१९ मध्ये दाखवलेला अजित स्पार्क नावाच्या जुन्या भाषेत. पवई ऐकून त्याचा चेहरा खुलला.

"अजित लिहू?"

"नको. हा अजित नाही."

"मग नाव सांगा ना, सर."

नाव नव्हतं. मॉडेल क्रमांक होता, तेरा अक्षरी, मधे दोन आडव्या रेघा.

"लिही रं, रेडिओ," सुभेदारांनी निकाल दिला. "तारा हाईत, आवाज न्हाई. बंद रेडिओ." वर मला म्हणाले, "करा सही, पाव्हणं. माणसं खोळंबलीत."

केली.

लिफ्टमध्ये राग आला तो सुभेदारांचा नव्हे, बोर्डाच्या खोक्यावर छापलेल्या 'लिनक्स सपोर्टेड' या दोन शब्दांचा. अशा छपाईचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो: २०२१ च्या ऑक्टोबरात आलेलं ५.१५ कर्नल घेतलं, त्यावर आपले ढीगभर बदल थापले, झिप फाइल ठेवली आणि दुकान बंद करून पुढची चिप विकायला घेतली. मूळ कर्नल पुढे जातं, सुरक्षेची भोकं सापडतात, बुजतात, आणि खोक्यातलं कर्नल आहे तिथेच बसून राहतं. तुम्ही विचारलं तर उत्तर येतं, सपोर्ट आहे ना.

सपोर्ट म्हणजे काय ते सांगतो. रिस्क-फाइव्ह जीसीसी कंपायलरात, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्यात, आलं २०१७ मध्ये, लिनक्समध्ये २०१८ च्या जानेवारीत ४.१५ बरोबर, ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीत पुढच्या महिन्यात. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने अधिकृत म्हणून पदरात घेतलं २०२३ मध्ये, आणि ते घेऊन स्थिर आवृत्ती निघाली २०२५ च्या ऑगस्टमध्ये. ही नुसत्या भाषेची कथा झाली. पुढे प्रत्येक चिपसाठी घड्याळं, रिसेट, पिना, सिरियल, एसडी कार्ड. ते झालं की इथरनेट, यूएसबी, पीसीआय. पडदा आणि जीपीयू, म्हणजे चित्रं काढणारा भाग, अगदी शेवटी. प्रत्येक खात्याचा सांभाळणारा वेगळा. एक म्हणतो बदलाचे तीन तुकडे करा, दुसरा म्हणतो यादीतल्या नोंदी पत्त्यांच्या चढत्या क्रमाने लावा, आणि सातव्यांदा पाठवल्यावर कुणीतरी पहिल्या वेळी काढायला लावलेलंच परत घालायला सांगतो. नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी, आणि नवं काम आत घ्यायचं दार उघडं राहतं दोन आठवडे. डोंबिवलीला भरलेली फास्ट डोळ्यांसमोरून गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. बरं, एवढं करून आत गेलेलं कायम राहतं असंही नाही. इटॅनियम या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरला २०२४ च्या जानेवारीत, ६.७ मध्ये, लिनक्सने घराबाहेर काढलंच.

बीएसडी या लिनक्ससारख्याच मोफत सिस्टिमवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. फ्रीबीएसडी डिव्हाइस ट्री लिनक्सकडूनच आणतं. नेटबीएसडी कुठल्याही यंत्रावर बसून कुठल्याही यंत्रासाठी एका स्क्रिप्टने बांधता येतं. ओपनबीएसडीचा हट्ट असा की सिस्टिम त्याच यंत्रावर बांधायची ज्यावर ती चालणार, मग ते यंत्र कितीही बापुडं असो. लोक या हट्टाला हसतात. मला तो आवडतो. दिवसभर कंपाइल करताना बोर्ड कोसळला तर मेमरी, वीज किंवा थंडावा यांतलं काहीतरी कच्चं आहे, हे घरातच कळतं. परक्याच्या लॉबीत नाही.

वर बैठक अर्धा तास पुढे गेली होती. मी पॅन्ट्रीत पाण्याच्या बाटल्यांशेजारी बोर्ड मांडला आणि यू-बूटला मधेच थांबवून पत्ते तपासले. कर्नल उतरतो तिथून डिव्हाइस ट्रीच्या जागेपर्यंत ३० एमबी. आदल्या रात्री मी सगळे ड्रायव्हर कर्नलच्या पोटात कोंबले होते, आणि तो झाला होता ३३ एमबींचा. यू-बूट आधी कर्नल उतरवतं, मग यादी आणून ठरल्या जागी ठेवतं. ती पडली थेट कर्नलच्या शेपटीवर. यादी शाबूत, म्हणून यू-बूट काही बोललं नाही. शेपटीतला डेटा चिरडला, म्हणून कर्नल काही बोलला नाही. यादी ६४ एमबी पुढे सरकवली, इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या फायलींचा गठ्ठा, तिच्याही पुढे, बदल सेव्ह केला. (फाइलचा आकार बघून जागा मोजू नका. बीएसएस, म्हणजे शून्याने सुरू होणाऱ्या डेटाची जागा, फाइलमध्ये दिसत नाही, मेमरीत मात्र पाय पसरते.) बोर्ड घडाघडा बोलला. बैठक नऊ मिनिटांत संपली. एका गृहस्थाने विचारलं, यावर विंडोज चालेल का?

खाली आलो तर सुभेदार त्याच सोफ्यावर, तेच टोकन हातात.

"सापडलं का?"

"सापडलं. यादी कर्नलच्या अंगावर पडली होती."

"मग काय नवल?" ते म्हणाले. "कागद पडतो त्यो मानसाच्या अंगावरच."

पिशवी यंत्रातून गेली आणि पट्टा पुन्हा थांबला. बोर्ड पॉवर बँकेवर तसाच चालू राहिला होता. त्यावरचा हिरवा दिवा नाडीसारखा दोनदा मिचकत होता, थांबत होता, पुन्हा दोनदा मिचकत होता. रक्षकाने रजिस्टर उघडलं, नोंदीवर बोट ठेवलं, दिव्याकडे बघितलं.

"सर, आत नेताना बंद होता. हा चालू आहे."

"हो, दुरुस्त केला."

"पण नोंद बंदची आहे. चालू बाहेर सोडता येत नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग सुभेदारांकडे. त्यांनी मान हलवली, नियम म्हणजे नियम, अशा अर्थाने. मी वायर उपटली. दिवा विझला. रक्षकाने नीट वाकून खात्री केली आणि नोंदीपुढे बरोबरची खूण केली.

"झाला रिटायर?" सुभेदारांनी विचारलं. त्यांचा नंबर अजून लागला नव्हता.