ती भुयारं लपायची जागा नव्हती
रोममधले सुरुवातीचे ख्रिस्ती छळाला घाबरून भुयारांत लपून राहायचे, असा संदेश फिरतो आहे. ते खरं नाही. ही भुयारं, म्हणजे कॅटाकोम, दफनभूमी होती आणि सरकारला ती पक्की ठाऊक होती. मऊ दगडात कोरलेले अरुंद बोळ, दोन्ही भिंतींत एकावर एक थडगी. तिथे राहणार कोण? उलट २५७ साली सम्राट व्हॅलेरियनने तिथे जमायला बंदी घातली, तरी ही माणसं गेलीच. ६ ऑगस्ट २५८ रोजी रोमचे बिशप दुसरे सिक्स्टस चार डीकनांसह, म्हणजे चर्चच्या सेवकांसह, दफनभूमीतच रक्तसाक्षी झाले, म्हणजे श्रद्धेपायी मारले गेले. अशांना भित्रं ठरवलेलं मनाला फार लागतं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचे बिशप सिप्रियन यांनी ही बातमी पत्राने इतर बिशपांपर्यंत पोहोचवली. १४ सप्टेंबरला त्यांचाही शिरच्छेद झाला.