‘मुलांना दम्याचा पंप लावू नका’ : एका संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला की नातेवाइकांच्या मोबाइलवरून एक संदेश दरवर्षी फिरू लागतो. मुलाला दमा असेल तर पंप लावू नका, पंपात स्टेरॉइड असते आणि त्याने उंची खुंटते. त्यापेक्षा सिरप आणि नेब्युलायझर मशीनची औषधी वाफ बरी. मुलाला कोकणात गावी ठेवा, शुद्ध हवेने दमा जातो. केळी, दही, मासे बंद करा. कोजागरीच्या रात्री खिरीतून औषध द्या. आणि खोकला थांबताच डॉक्टरांची औषधे थांबवा, नाहीतर पंप जन्मभर सुटत नाही, असा त्याचा एकूण मजकूर आहे. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, पाचव्या वर्षापासून तिला दमा आहे आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावात राहतो. हा संदेश आमच्या घरात एकदा मानला गेला आहे, म्हणून त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

स्टेरॉइडबद्दलचे विधान पूर्णपणे खोटे नाही आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त पसरते. रोजच्या पंपातील ब्युडेसोनाइडसारखे औषध स्टेरॉइडच असते, आणि उंचीवर त्याचा परिणाम होतो की नाही हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात तपासलेही गेले आहे. त्यात हजाराहून अधिक मुले होती. त्यांच्यापैकी ज्यांना चार ते सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिले गेले, त्यांची मोठेपणीची उंची हे औषध न मिळालेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही घट पहिल्या दोनेक वर्षांत झाली, पुढे ती वाढत गेली नाही. म्हणजे ‘उंची खुंटते’ या दोन शब्दांमागचे खरे माप बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी आहे. आमच्या मुलीची मात्रा तर त्याच्या निम्मी, सकाळ-संध्याकाळ १०० मायक्रोग्रॅमचा एकेक फवारा, एवढीच होती. उलट दमा आटोक्यात नसलेले मूल रात्र-रात्र झोपत नाही, खेळत नाही, आणि त्याची वाढ त्या कारणानेही मंदावू शकते. आमचे डॉक्टर दर भेटीत तिची उंची भिंतीवरच्या पट्टीला लावून मोजतात आणि वहीत लिहितात. ज्याला उंचीची काळजी आहे त्याने हेच करावे.

सिरप पंपापेक्षा सौम्य, हा समज तर आकड्यांपुढे टिकतच नाही. दम्याचा झटका आल्यावर आरामासाठी द्यायच्या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या नेहमीच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम. एक चमचा म्हणजे वीस फवारे झाले, आणि ते थेट फुप्फुसात न जाता पोटातून, रक्तातून सगळ्या अंगभर फिरून तिथे पोहोचतात. म्हणून सिरप घेतलेल्या मुलाचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. वाफेच्या मशीनबद्दलचा समजही तसाच आहे. झटक्याच्या वेळी स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावून दिलेला पंप मुलांमध्ये मशीनइतकाच उपयोगी पडतो, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. शिवाय मशीनला वीज लागते. जुलैच्या पावसात आमच्या गावची वीज किती तास असते, हे इथल्या कोणालाही विचारावे.

कोकणच्या शुद्ध हवेबद्दल मुंबईकरांना वाटणारी ओढ मी समजू शकतो, पण दम्याच्या मुलासाठी प्रश्न कारखान्यांच्या धुरापुरता नसतो. धुळीतले सूक्ष्म किडे दमट हवेत, गाद्या-गोधड्यांत वाढतात, आणि पावसाळ्यात आमच्या भिंतींवर बुरशीचे काळे डाग चढतात. त्यात न्हाणीच्या चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती आणि उन्हाळ्यात शेतात पालापाचोळा जाळण्याची भाजावळ यांची भर पडते. समुद्र जवळ आहे म्हणून यातले काहीही कमी होत नाही.

खाण्याच्या यादीवर फार लिहिण्यासारखे नाही. एखाद्या मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल आणि ती डॉक्टरांनी पडताळली असेल, तर तो पदार्थ बंद करावा. एरवी केळी, ताक आणि बांगडा बंद करून दमा कमी होत नाही, मूल मात्र वाळते.

कोजागरीच्या औषधाने बरे वाटल्याचे सांगणारे लोक खोटे बोलतात, असे मी म्हणत नाही. लहान मुलांचा दमा मुळातच चढ-उतारांचा असतो, शाळा सुरू होताना पसरणारी सर्दी तोवर ओसरलेली असते, घरातला ओलावाही कमी झालेला असतो. त्या उताराचे श्रेय खिरीला मिळते, इतकेच. माझी खरी हरकत त्या औषधाच्या पुडीवर त्यातले घटक लिहिलेले नसतात याला आहे. जे पंपातल्या मोजलेल्या स्टेरॉइडला भितात, त्यांनी या न मोजलेल्या, न सांगितलेल्या पुडीवर निदान तेवढा तरी संशय घ्यावा.

आता शेवटचे विधान, जे आम्ही मानले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुलगी अगदी ठणठणीत होती, तेव्हा मोठ्या आत्याने हा संदेश पाठवला आणि आम्ही डॉक्टरांना न विचारता रोजचा पंप बंद केला. जून-जुलै बरे गेले. गणपतीत चाकरमानी आले, माळ्यावरच्या गाद्या खाली काढून झटकल्या गेल्या, आरतीला धूप झाला, आणि दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मुलगी उठून बसली. तिला एक वाक्य सलग बोलता येईना, आणि श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. कपाटातला झटक्याचा पंप हलवून पाहिला तेव्हा आत काहीतरी असल्यासारखे वाटले, फवाराही निघाला, पण त्यातले औषध संपलेले होते, हे नंतर कळले. १०८ ची रुग्णवाहिका आली, त्यातल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, पुढचे तीन दिवस रुग्णालयात गेले. तिथून पुढे पाच दिवस तिला पोटातून रोज २० मिलिग्रॅम स्टेरॉइड घ्यावे लागले. दोन औषधांची ताकद सारखी नसल्याने तुलना तंतोतंत नाही, पण वजनाच्या हिशेबाने त्या एका दिवसाच्या गोळ्यांत तिच्या पंपाचे शंभर दिवस मावतात.

खोकला थांबणे म्हणजे श्वासनलिकांची आतली सूज उतरणे नव्हे, हे आम्हाला आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यानंतर समजावले. ते रागावले नाहीत. ‘पंप कसा देता ते दाखवा,’ एवढेच म्हणाले. आम्ही पंप न हलवता, दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडत होतो, आणि तो स्पेसर धुऊन फडक्याने कोरडा पुसत होतो; पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध आत चिकटून राहते. दोन फवाऱ्यांत अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवायचे, स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा, रोजच्या पंपानंतर चूळ भरायची आणि नवा पंप उघडला की त्यावर तारीख लिहून फवारे मोजायचे, हे त्या दिवशी ठरले. झटका आल्यास किती फवारे, किती वेळाने, आणि कोणती लक्षणे दिसताच १०८ ला फोन, हे त्यांनी एका कागदावर लिहून दिले. त्याची एक प्रत शाळेत बाईंकडे आहे.

पंप जन्मभर सुटत नाही, याचे उत्तर आमच्या वहीत आहे. रात्रीचा खोकला, झटक्याचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, शाळा बुडाली का, एवढेच त्यात असते. यंदा फेब्रुवारीत, सलग तीन महिने त्या रकान्यांत काहीही नाही हे पाहून डॉक्टरांनी रोजच्या पंपाची मात्रा निम्म्यावर आणली. मृगाच्या आधी वही आणि स्पेसर घेऊन पुन्हा यायचे आहे, असे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे. आणि गणपतीसाठीच्या गाद्या या वर्षी एप्रिलच्या उन्हातच, मुलगी आजीकडे गेलेली असताना, झटकून घ्यायच्या आहेत, असेही.